काकोरीचा खजिना : बेत, दुर्दैव आणि फितुरी

देवस्थानाच्या तिजोरीची किल्ली एकाच माणसाच्या हाती राहू नये, असा दंडक आपल्या पूर्वजांनी घालून दिलेला आढळतो. या दंडकामागे कोणा एका व्यक्तीविषयी अविश्वास नव्हता. सामूहिक कार्य हे भिंतींच्या जाडीवर अथवा कुलुपाच्या मजबुतीवर उभे नसून माणसांच्या सचोटीवर उभे असते, ही अनुभवसिद्ध जाणीव त्यामागे होती. संस्थेच्या कारभारास जे लागू, तेच कटकारस्थानांस आणि राज्यक्रांतीसही लागू पडते. भारतीय स्वातंत्र्यसंग्रामात ९ ऑगस्ट १९२५ रोजी लखनौजवळील काकोरी येथे आगगाडीतील सरकारी खजिना लुटला गेला. ती लूट अत्यंत विचारपूर्वक आखलेली होती आणि त्या रात्रीपुरती ती यशस्वीही झाली. तथापि, पुढे काही आठवड्यांतच दुर्दैव आणि फितुरी यांनी तो सारा डाव उधळून लावला. त्या प्रसंगाचे स्मरण महाजन कुटुंबांतील तरुण पिढीस उद्बोधक ठरेल.

काकोरी हे स्थळ जामसांवलीपासून फार दूर, पार गंगेपलीकडे आहे. तरीही त्या प्रकरणाचा एक धागा आपल्या बाजूस जोडलेला आहे. त्या काळी सौंसर व पांढुर्णा ही गावे ज्या छिंदवाडा जिल्ह्यात मोडत, तो जिल्हा आणि वऱ्हाडातील बुलढाणा जिल्हा हे दोन्ही ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या एकाच प्रांतिक कारभाराखाली होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने हे दोन मुलूख वेगळ्या राज्यांत गेले. भाषेचे व सोयरिकीचे नाते मात्र टिकून राहिले. याच बुलढाणा जिल्ह्यातील चिखली या गावी १९०२ साली जन्मलेले रामकृष्ण खत्री हे काकोरी खटल्यातील एक प्रमुख आरोपी होते. मराठी मुलखातून गेलेला हा तरुण काशीस उदासीन पंथाच्या साधूंत महंत गोविंदप्रकाश या नावाने वावरत असे. भगव्या वस्त्राआडून तो क्रांतिकार्यात ओढला गेला होता.

असहकाराची चळवळ १९२२ साली चौरीचौऱ्याच्या घटनेनंतर एकाएकी स्थगित झाली आणि शाळा-महाविद्यालये सोडून बाहेर पडलेले शेकडो तरुण दिशाहीन झाले. त्यांपैकी काहींना शचींद्रनाथ संन्याल, योगेशचंद्र चतर्जी आणि शहाजहानपूरचे रामप्रसाद बिस्मिल यांनी ‘हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशन’ या गुप्त संघटनेत एकत्र आणले. ध्येय मोठे होते. परंतु खिसा रिकामा होता. शस्त्रे विकत घ्यावयाची, पत्रके छापावयाची, घरदार सोडून आलेल्या पोरांना निदान एक वेळ जेवू घालावयाचे, या साऱ्यास पैसा कोठून आणावयाचा? प्रारंभी खेड्यांतील काही धनिकांच्या घरांवर दरोडे घातले गेले. त्यातून हाती फारसे काही लागले नाही. उलट आपल्याच देशबांधवांच्या घरात शिरून त्यांना लुबाडणे बिस्मिल यांच्या मनास बोचू लागले. पैसा घ्यावयाचाच तर तो सरकारचाच घ्यावा, या निर्णयाप्रत ते आले.

याच पैशाच्या चणचणीतून घडलेला एक उपप्रसंग मठ-मंदिरांशी संबंध असणाऱ्यांस विशेष वाटेल. गाझीपूर येथील एका मठाचे महंत आजारी असून ते योग्य शिष्याच्या शोधात आहेत, ही वार्ता साधूंच्या वर्तुळात वावरणाऱ्या खत्रींच्या कानी आली. शिष्य झाला की महंतांमागे मठाची मालमत्ता त्याच्याकडे येणार आणि ती देशकार्यास उपयोगी पडणार, असा हिशेब करून चंद्रशेखर आझाद या तरुणास मुंडन करून तेथे पाठविण्यात आले. आझादांनी निष्ठेने सेवा केली. परंतु महंतांची प्रकृती दिवसेंदिवस सुधारतच गेली! हे महाराज इतक्यात जाण्याचे चिन्ह दिसत नाही, अशा आशयाचा निरोप सहकाऱ्यांस धाडून आझाद अखेरीस त्या मठातून बाहेर पडले. मठाच्या संपत्तीवर टपून बसण्याचा हा बेत फसला, याचा कोणाही भाविकास विषाद वाटण्याचे कारण नाही. तथापि, पैशाचा प्रश्न जेथल्या तेथेच राहिला.

अशा स्थितीत रेल्वेने प्रवास करताना बिस्मिल यांच्या सूक्ष्म नजरेस एक गोष्ट पडली. सहारनपूरहून लखनौस येणाऱ्या ८ डाऊन पॅसेंजर गाडीत प्रत्येक स्टेशनचा गल्ला चामडी थैलीत भरून गार्डाच्या डब्यात आणला जाई आणि तेथील लोखंडी पेटीत टाकला जाई. त्या पेटीवर खास पहारा नसे. स्टेशनागणिक पेटी भरत जाई आणि लखनौ जवळ येताना ती सर्वांत अधिक भरलेली असे. तेव्हा लखनौच्या अलीकडे, काकोरी व आलमनगर या स्टेशनांच्या दरम्यान निर्जन जागी, संध्याकाळच्या काळोखात गाडी अडवावयाची, केवळ सरकारी रोकड घ्यावयाची, उतारूंच्या केसासही धक्का लावावयाचा नाही आणि रेल्वेचा मार्ग सोडून पायवाटेने लखनौत शिरावयाचे, असा सर्व तपशिलासह बेत ठरला.

या बेतास एका माणसाने स्पष्ट विरोध दर्शविला. ते होते अशफाकउल्ला खान, बिस्मिल यांचे जिवलग मित्र. आपली संघटना अद्याप बाल्यावस्थेत आहे, सरकारी खजिन्यास हात लावताच सरकार सर्व सामर्थ्यानिशी आपल्यावर तुटून पडेल आणि तो आघात सोसण्याचे बळ आपल्यात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बहुमत विरुद्ध गेले. आपले मत डावलले गेले म्हणून अशफाक बाजूस सरले नाहीत; ते सर्वांच्या पुढे होऊन कार्यास लागले. पुढील घटनांनी त्यांचा इशारा अक्षरशः खरा ठरविला. सभेत विरोध करणारा आणि निर्णयानंतर प्राणपणाने साथ देणारा सभासद कोणत्याही संस्थेस क्वचितच लाभतो.

आदल्या दिवशी, ८ ऑगस्ट रोजी, केलेला पहिला प्रयत्न गाडी चुकल्यामुळे वाया गेला. दुसऱ्या दिवशी मात्र दहा जण गाडीत चढले : बिस्मिल, अशफाकउल्ला, राजेंद्रनाथ लाहिरी, शचींद्रनाथ बक्षी, चंद्रशेखर आझाद, मन्मथनाथ गुप्त, केशव चक्रवर्ती, मुकुंदीलाल, मुरारीलाल आणि बनवारीलाल. अशफाक, लाहिरी व बक्षी दुसऱ्या वर्गाच्या डब्यात बसले, उरलेले तिसऱ्या वर्गात विखुरले. त्यांच्यापाशी जर्मन बनावटीची माउझर पिस्तुले होती. काकोरी स्टेशन मागे पडताच दुसऱ्या वर्गातील तिघांनी साखळी ओढली. गाडी थांबली. आपली दागिन्यांची पेटी काकोरीस राहून गेली, अशी बतावणी गार्डापुढे करण्यात आली आणि पुढच्याच क्षणी पिस्तुलाच्या धाकाने त्यास जमिनीवर पालथे निजविण्यात आले. आम्हांस केवळ सरकारी पैसा हवा आहे, उतारूंनी डब्याबाहेर पडू नये, अशी सूचना मोठ्याने देण्यात आली आणि अधूनमधून हवेत गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या.

येथपर्यंत सर्व काही योजनेबरहुकूम घडले होते. परंतु लोखंडी पेटी खाली ढकलल्यावर ती काही केल्या फुटेना. वेळ भराभर जात होता. हे पाहून अंगाने धिप्पाड असलेल्या अशफाकांनी आपले माउझर मन्मथनाथांच्या हाती दिले आणि स्वतः घण घेऊन पेटीवर घाव घालण्यास प्रारंभ केला. त्याच सुमारास शेजारच्या रुळावरून दुसरी एक गाडी धडधडत येऊ लागली. ती थांबती तर सर्वांचा तेथेच शेवट होता. पण ती निघून गेली. पेटीस भगदाड पडले आणि थैल्या बाहेर आल्या.

मन्मथनाथांचे वय त्या वेळी अवघे सतरा वर्षांचे होते. हाती आलेल्या अपरिचित पिस्तुलातून अनवधानाने गोळी सुटली. अहमद अली नावाचे एक उतारू नेमके त्याच वेळी डब्यातून उतरून स्त्रियांच्या डब्याकडे निघाले होते. ती गोळी त्यांस लागली आणि ते गतप्राण झाले. ज्या बेताची पहिली अटच निरपराध्यास इजा न होण्याची होती, त्या बेतात एका निरपराध गृहस्थाचा बळी गेला. कायद्याच्या दृष्टीने हे प्रकरण आता केवळ लुटीचे राहिले नाही. त्यास खुनाचे कलम जोडले गेले. क्रांतिकारकांच्या थोरवीचे गुणगान करताना अहमद अली यांचा विसर पडणे न्याय्य होणार नाही. त्यांच्याही घरी कोणीतरी वाट पाहत होते.

लुटीची रक्कम सरकारी नोंदीप्रमाणे साडेचार हजार रुपयांच्या थोडी वर भरली. थैल्या चादरींत बांधून मंडळी अंधारातून लखनौस पोहोचली. घाईत एक चादर मात्र घटनास्थळीच राहिली. काकोरीच्या इतिहासात असे नमूद आहे की, त्या चादरीवरील परटाच्या खुणेवरून पोलिस शहाजहानपुरास पोहोचले आणि ती चादर बनारसीलाल नावाच्या इसमाची असल्याचे निष्पन्न झाले. हा बनारसीलाल बिस्मिल यांचा व्यवहारातील भागीदार होता. पेटी फोडण्याचा, गाडी अडविण्याचा, पळण्याच्या वाटेचा विचार ज्यांनी बारकाईने केला होता, त्यांच्या ध्यानी परटाची शाईची खूण आली नाही.

तथापि, केवळ एका चादरीने एवढी मोठी संघटना उघडी पडली नसती. गुप्तचर खात्यातील हॉर्टन नामक गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाती तपासाची सूत्रे होती आणि तसद्दुक हुसेन हे चाणाक्ष अधिकारी त्यात अग्रभागी होते. सप्टेंबर १९२५ च्या २६ तारखेस संयुक्त प्रांतात एकाच वेळी ठिकठिकाणी धाडी पडल्या आणि सुमारे चाळीस जणांना पकडण्यात आले. त्यांपैकी कित्येकांचा काकोरीच्या घटनेशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. त्यानंतर तुरुंगात फितुरीचे सत्र सुरू झाले. बनारसीलाल माफीचा साक्षीदार झाला. शहाजहानपूरचा इंदुभूषण मित्र हा विद्यार्थीही त्याच वाटेने गेला. स्वतः त्या रात्री गाडीत असलेल्या बनवारीलालने कबुलीजबाब दिला. दहांपैकी एकाचे तोंड उघडले आणि उरलेल्या नऊ जणांची नावे, जागा व कामे सरकारच्या कागदावर उतरली. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही आपली म्हण येथे तंतोतंत प्रत्ययास आली.

पकडापकडीच्या या लाटेत खत्री पुण्यास हाती लागले आणि त्यांस लखनौस नेण्यात आले. ते गाडीच्या लुटीत नव्हते. मध्य भारत व महाराष्ट्र या भागांत संघटनेचा विस्तार करण्याचा आरोप त्यांच्यावर होता. राजेंद्रनाथ लाहिरी यांस बंगालमध्ये दक्षिणेश्वरच्या बाँब प्रकरणात अटक झाली. अशफाकउल्ला मात्र पोलिसांच्या हातावर तुरी देऊन निसटले आणि बिहारात जाऊन काही महिने साध्या कारकुनीवर गुजराण करीत राहिले. पुढे ते दिल्लीस आले आणि तेथे एका जुन्या ओळखीच्या माणसानेच त्यांस १९२६ च्या अखेरीस पकडून दिले. जो पुरुष या बेतातील धोक्याविषयी सर्वांआधी बोलला होता, तोच अखेर परिचिताच्या फितुरीस बळी पडला.

लखनौचा हा खटला दीर्घकाळ चालला. सरकारी बाजू पंडित जगतनारायण मुल्ला यांनी मांडली. आरोपींच्या बाजूने गोविंद वल्लभ पंत, चंद्रभानु गुप्त, मोहनलाल सक्सेना प्रभृती वकील उभे राहिले. सेशन्स न्यायाधीश हॅमिल्टन यांनी ६ एप्रिल १९२७ रोजी निकाल दिला. बिस्मिल, लाहिरी व रोशनसिंह यांस फाशीची शिक्षा झाली. अशफाकउल्लांवरील पुरवणी खटल्यातही तोच निकाल लागला. रोशनसिंह तर त्या रात्री गाडीत नव्हतेच. ज्यांच्या हातून गोळी सुटली त्या मन्मथनाथांस अल्पवयामुळे चौदा वर्षांची, तर खत्रींस दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावण्यात आली. अपिलांनी फाशीची शिक्षा टळली नाही.

येथवरचे कथानक दुर्दैवाचे आणि फितुरीचे झाले. परंतु याच तुरुंगांच्या भिंतींआड विश्वास राखण्याचेही प्रसंग घडले आणि त्यांचा उल्लेख केल्याविना काकोरीचा इतिहास पुरा होत नाही. तसद्दुक हुसेन यांनी अशफाकउल्लांची गाठ घेऊन धर्माच्या नावाने त्यांचे मन वळविण्याचा यत्न केला. बिस्मिल यांस हिंदूंचे राज्य स्थापावयाचे आहे, आपण मुसलमान असून त्यांच्यासाठी का मरता, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. अशफाकांनी तो प्रस्ताव साफ धुडकावून लावला. बिस्मिल हे निष्ठावंत आर्यसमाजी आणि अशफाक नमाजरोजे पाळणारे मुसलमान. परंतु एकाने दुसऱ्याच्या गळ्यातील फास आवळण्यास हातभार लावला नाही.

बिस्मिल यांचे वर्तन तर अधिकच विचार करावयास लावणारे आहे. अटकेनंतर कोतवालीत त्यांस काही काळ मोकळेच बसविले होते आणि जवळचा पहाऱ्याचा शिपाई झोपी गेला होता. निसटून जाणे अवघड नव्हते. परंतु आपण पळालो तर तेथील मुन्शी पकडला जाईल आणि त्याची बायकापोरे उपाशी मरतील, या विचाराने ते जागचे हलले नाहीत. पुढे लखनौच्या तुरुंगात असतानाही पलायनाची संधी त्यांस होती. तेथील जेलर चंपालाल हे निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले गृहस्थ होते आणि बिस्मिल यांस पुत्रवत् वागवीत असत. आयुष्यभराच्या सेवेअंती त्या वृद्धाच्या माथी कलंक यावा, हे बिस्मिल यांच्या मनास पटेना आणि त्यांनी पलायनाचा विचार सोडून दिला. गोरखपूरच्या फाशीकोठडीत लिहिलेल्या आत्मचरित्रात त्यांनीच हे नमूद करून ठेवले आहे. ज्यांस आपले म्हटले त्यांनी या माणसाचा घात केला. आणि त्याने मात्र शत्रूच्या चाकरीतील माणसाचाही विश्वास मोडला नाही. या एका निर्णयाची किंमत त्याचा प्राण होती.

राजेंद्रनाथ लाहिरी यांस ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधी, १७ डिसेंबर १९२७ रोजी, गोंडा येथे फाशी देण्यात आले. १९ डिसेंबर रोजी बिस्मिल गोरखपुरास, अशफाकउल्ला फैजाबादेस आणि रोशनसिंह अलाहाबादच्या तुरुंगात फासावर चढले. चंद्रशेखर आझाद पोलिसांच्या हाती कधीच जिवंत लागले नाहीत. त्यांनी विखुरलेल्या साथींची जुळवाजुळव पुन्हा केली. त्या नव्या फळीत भगतसिंगांसमवेत पुणे जिल्ह्यातील खेडचे शिवराम हरी राजगुरू हेही होते. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये आझादांनी लढता लढता देह ठेवला.

चिखलीच्या रामकृष्ण खत्रींना मात्र दीर्घायुष्य लाभले. शिक्षा भोगून बाहेर आल्यावर त्यांनी लखनौसच वास्तव्य केले. तुरुंगात खितपत पडलेल्या साथींच्या सुटकेसाठी व हुतात्म्यांच्या स्मृती जतन करण्यासाठी ते झटत राहिले. ‘शहीदों की छाया में’ हे त्यांचे आठवणींचे पुस्तक हिंदीत आहे आणि ते नागपुरातून प्रसिद्ध झाले. १९९६ साली त्यांचे देहावसान झाले. २०२१ साली उत्तर प्रदेश शासनाने या घटनेचा उल्लेख कट अथवा दरोडा असा न करता ‘काकोरी ट्रेन ॲक्शन’ असा करण्याचे ठरविले. सरकारदप्तरी दरोडेखोर ठरलेल्यांच्या नावांपुढील हा शब्द बदलण्यास जवळजवळ एक शतक लागले.

लुटीत हाती आलेली रक्कम तेव्हाच खर्ची पडली. इतिहासाने जमेस धरले ते वेगळेच. बनारसीलालची आठवण केवळ साक्षीदार म्हणून उरली. गार्डाच्या डब्यातील पेटी घणाच्या घावांनी फुटली. पण अशफाकउल्ला, बिस्मिल आणि खत्री यांच्या मनाचे कुलूप धाक, लालूच व धर्मभेद या तीनही किल्ल्यांनी उघडले नाही. सार्वजनिक कार्याचा भार खांद्यावर घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने या दोन पेट्यांतील फरक ध्यानी ठेवावा. चोख हिशेब, पक्के कुलूप आणि नेमकी योजना ही हवीतच. त्यांच्या अभावी कार्य उभे राहत नाही. परंतु ते टिकते ते कसोटीच्या घडीस फुटणार नाहीत अशा माणसांवर. त्या माणसांची पारख वेळीच करणे आणि आपण स्वतः तसे होण्याचा यत्न करणे, हे काम मात्र पिढ्यान् पिढ्या ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.